पूजेच्या ताटातले व्हॉल्व्ह

"काका, ते व्हॉल्व्ह खरंच काही काम करतात, की नुसतेच उजळतात?"

प्रश्न माझ्या तोंडून आला, पण डोकं अलमेलूचं. अलमेलू शाळेत माझ्या बाकावर बसते, मागच्या गल्लीत राहते, आणि दुसऱ्याच्या घरात काडी टाकून आपण लांबून शेकत बसायची तिला भारी हौस. "चार लोकांसमोर विचारून दाखव," ती म्हणाली होती. "नवरात्र संपेपर्यंत माझ्या वाट्याचं सुंडल तुझं." आमच्या कुंभकोणमला, तमिळ मुलखात, नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि त्या बघायला येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हातात वाफवलेल्या हरभऱ्याच्या सुंडलाचा द्रोण पडतो. म्हणजे पैज काही ऐरीगैरी नव्हती.

गेल्या वर्षीची मी असते तर बाहुल्यांच्या पायऱ्यांमागे जाऊन लपले असते. पण ह्या वर्षी शाळेच्या वादविवादात मी बारावीच्या दोन मुलांना गप्प केलं, आणि तेव्हापासून मला माझा आवाज फार आवडायला लागलाय. तेव्हा बाहुल्या बघायला आलेल्या गल्लीतल्या सगळ्या मामी पान चघळत बसल्या असताना मी खणखणीत विचारलं.

सुंदरेश काका हसला. लहान मुलाने देवाला "तू आंघोळ कधी करतोस" असं विचारल्यावर भटजी हसतात, तसा. "प्रिया," तो म्हणाला, "असल्या गोष्टी कळायला कान पिकावे लागतात."

"कान पिकले की आम्ही डॉक्टरकडे जातो, काका."

मामी खुदखुदल्या. आईने डोळे वटारले. अप्पांनी पंख्याकडे बघितलं. अप्पा ऑडिटर आहेत. समोर काही चुकीचं दिसलं की ते आधी पंख्याकडे बघतात. ऑफिसात काय करतात कोण जाणे, घरी तरी पंख्याच्या पुढे त्यांची तपासणी जात नाही.

सुंदरेश काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ, आमच्याच घरात राहतो. त्याचा धंदा असा: जुन्या घरांतून मोठमोठे रेडिओग्राम उचलून आणायचे. रेडिओग्राम म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यात रेडिओ, तबकड्या वाजवायचं यंत्र आणि खाली जाड भोंगे. एके काळी लग्नात जावयाला द्यायचे. त्यांतले व्हॉल्व्हवाले अॅम्प्लिफायर काका "पुनरुज्जीवित" करतो आणि सागवानाला पॉलिश मारून मोठ्या शहरांतल्या रसिकांना विकतो. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या लहान बाटल्या. आत तार तापून केशरी होते, आणि आवाज त्यांच्यातून मोठा होऊन बाहेर पडतो. पडायला हवा, असं म्हणू. काकाने पेटीच्या पुढच्या फळीला खिडकी कापून काच बसवलीय, म्हणजे रसिकाला केशरी उजेड दिसावा. धंद्याचं नाव "सुंदरनाद". कार्डावर काकाच्या नावाखाली "क्युरेटर" असं छापलंय. त्याआधी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, त्याआधी वास्तुदोष घालवणारे तांब्याचे पिरॅमिड.

आणि हे सगळे धंदे त्याने विजयादशमीला सुरू केले. हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, पुस्तकं, यंत्रं पूजेत मांडतात. त्यांना गंध-कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीची पुनर्पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. विजयादशमीला सकाळी पूजा झाली की ज्याने त्याने आपली वस्तू उचलून कामाला आरंभ करायचा, थोडका का होईना. आई विळीवर कोहळ्याची एक फोड करते, अप्पा पेन उघडून एक सही करतात, मी पुस्तकातलं एक पान वाचते. आणि त्या दिवशी कुणी जे आरंभलं ते दुसऱ्याने मोडायचं नाही. मोडलं तर मोडणाऱ्याचं वर्षभर एकही काम तडीला जात नाही. पिरॅमिडच्या वेळी अप्पा काकाला थांबवणार होते, पण काका पहाटेच उठून ताटातून तांब्याचा पत्रा उचलून बसला होता. संपलं. अप्पांनी पंखा बघितला.

तर अलमेलूचा संशय असा होता. तिच्या ताताकडे, म्हणजे आजोबांकडे, खरा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. बटण दाबून पाणी पिऊन यावं, मग कुठे तो बोलायला लागतो, कारण व्हॉल्व्ह आधी तापावे लागतात. काकाची पेटी बटण दाबल्याबरोबर गाते. "तुझ्या काकाचे व्हॉल्व्ह माझ्या आईपेक्षा लवकर तापतात," अलमेलू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका घोरत असताना मी बॅटरी घेऊन गिऱ्हाइकांना ऐकवायला ठेवलेल्या नमुन्याच्या पेटीच्या मागे शिरले. आत तळहाताएवढी हिरवी पाटी होती, मोबाइलवरून गाणं ओढून भोंग्याला देणारी, रस्त्यावरच्या दुकानात मिळते तीच. व्हॉल्व्हना फक्त उजेडापुरत्या दोन दोन तारा जोडल्या होत्या. लग्नाच्या मांडवावर दिव्यांच्या माळा सोडतात ना, तशा.

मी काकाला उठवून सांगितलं. मला वाटलं तो लाजेल.

"मग?" तो म्हणाला. "लोकांना उजेड हवा, मी उजेड देतो. आवाज येतो का नाही?"

"आणि आतला खरा अॅम्प्लिफायर कोठ गेला?"

"भंगारात. तांबं असतं त्यात. अगे, चाळीस किलोचं धूड घेऊन कोण तिसरा मजला चढणार? तू आपला तुझा डॉक्टरकीच्या एन्ट्रन्सचा क्लास बघ."

इथपर्यंत मला गंमतच वाटत होती. पण कोपऱ्यात तिरुभुवनमचा रेडिओग्राम उभा होता, आणि त्याच्यापाशी माझी गंमत संपत होती.

तिरुभुवनम आमच्यापासून टाउन बसने जवळ, सगळं विणकरांचं गाव. तिथल्या एका रेशीमवाल्याच्या घरी ह्या पेटीत जरीच्या लडी ठेवत होते. म्हणून आत उंदीर नाही, ओल नाही, काही नाही. उघडली तर अजून रेशमाच्या खळीचा वास येतो. मागच्या फळीला आतून यंत्राचा नकाशासुद्धा चिकटवलेला आहे, कोणती तार कुठे जाते ते दाखवणारा. काकाला तो खरवडून काढायचा होता. मी म्हटलं, मला शाळेच्या प्रोजेक्टला दे थोडे दिवस. घरात "प्रोजेक्ट" म्हटलं की सगळे वाटेतून बाजूला होतात.

त्या दिवसांत मी काय काय शिकले! मेण गळून चिकट झालेले जुने कपॅसिटर एकेक काढून नवे घातले. वायर काढलेली असली तरी कपॅसिटर वीज पोटात धरून बसतो, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं, पण पटलं ते कोपरापर्यंत झणका बसला तेव्हा. त्यानंतर आधी त्याची वीज उतरवल्याशिवाय मी बोट लावलं नाही. भोंग्याचा कागद फाटला होता, त्याला रेशमाची चिंधी आणि डिंक लावून ठिगळ दिलं. मेलेल्या व्हॉल्व्हच्या जागी काकाच्याच डब्यातले चांगले व्हॉल्व्ह शोधून लावले. तो बिचारा त्यांना बल्ब समजत होता. आणि एका संध्याकाळी ती पेटी हळूहळू तापली, घुर्र केलं, आणि पेटीच्या कप्प्यातच सापडलेली एका भागवतांची, म्हणजे भजन गाणाऱ्या बुवांची, टवका उडालेली तबकडी गायला लागली. मी उड्या मारल्या. अलमेलू, जी कशालाच बरं म्हणत नाही, ती म्हणाली, "हं." थोडी घरघर शिल्लक होती. एक मोठा कपॅसिटर बदलायचा राहिला होता, तो पोस्टाने यायचा होता.

"झालं तुझं?" काका म्हणाला. "छान. दसरा झाला की ह्याचं पोट साफ करू. पुण्याचे बेहेरे येतायत, त्यांना हीच पेटी द्यायची ठरलीय. पाटी बसवून."

"काका, हा चालतो! ह्याचं पोट काढायला तो काय कोंबडी आहे?"

"नोको वाद घालू. तोंडी सौदा झालाय."

मी आईकडे गेले. आई म्हणाली, "त्याचा धंदा, त्याला माहीत." मी अप्पांकडे गेले. पंखा त्या वेळी बंद होता, तरी त्यांनी बघितला.

खंडेनवमीला काका पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला आणि आईने पूजा मांडली. मी माझ्या रेडिओग्रामचा सांगाडा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तारा बसवलेला लोखंडी पाया, पेटीतून काढून पाटावर ठेवला. आईने माझं बायॉलॉजीचं जाडजूड गाईड ठेवलं, मी त्याच्याखाली हळूच तारा जोडायचा सोल्डरिंग आयर्न कुंकू लावून सरकवला. मग आई काकाच्या नमुन्याच्या पेटीकडे वळली. इतकी मोठी पेटी पूजेत कशी आणायची? तिने पेटीला कुंकू लावलं, खिडकीवर झेंडूची जाड माळ सोडली, केळीचं पान बांधलं. तरी तिचं मन भरेना. यंत्राचं मुख्य ते पूजेत नको का? काका रोज कुणाला तरी सांगत असतो, "ह्याचा प्राण व्हॉल्व्हमध्ये आहे." आईने प्राण उपटून काढले, शिकेकाईच्या पाण्याने धुतले, पुसले, एकेकाला गंधाचा ठिपका, वर कुंकू, आणि ताटात ओळीने बसवले. सरस्वतीपुढे काचेचे बटू मुंजीला बसलेत असं दिसत होतं.

मी पाहिलं. खिडकीतून अलमेलूला खूण केली. ती चुरमुऱ्यांचा द्रोण घेऊनच आली.

शशांक बेहेरे म्हणजे तलम खादीचा कुडता आणि लांबलचक वाक्यं. बरोबर त्यांची बायको, जिला उकडत होतं. आमची घरं पिढ्यानपिढ्या इकडे, तरी घरात बोलणं मराठीच, जुन्या वळणाचं. आईने "या, बसा, उन्हातून आलांव, पाणी देऊं का?" म्हटल्याबरोबर बेहेरे जागच्या जागी विरघळले.

"अहाहा! आलांव! देऊं! ऐकलंस का? जिवंत इतिहास! तुम्ही अजून असंच बोलता?"

"अजून म्हणजे?" मी विचारलं. "तुम्ही कधी सोडलंत?"

"प्रिया, उगी बस," आई म्हणाली, आणि बेहेरे त्या "उगी"लाही फोनवर रेकॉर्ड करणार होते, पण काकाने त्यांना पेटीपुढच्या खुर्चीत बसवलं. आज यंत्र लावायचं नसतं, आई पुटपुटली. "देवाचं भजन लावतो, वहिनी, त्याला कसला दोष," म्हणत काकाने पेटीकडे पाठ करून मोबाइलवर बोट फिरवलं. माळेआडून भजन सुरू झालं. तत्काळ.

बेहेऱ्यांनी डोळे मिटले. "ही ऊब," ते म्हणाले. "डिजिटल आवाज कसा, स्टीलच्या ताटात जेवल्यासारखा. हा केळीच्या पानावरचा आहे. ऐक, ऐक, त्या श्वासाच्या कडा ऐक. हे व्हॉल्व्हशिवाय शक्यच नाही."

"अगदी," काका म्हणाला. "प्राण आहे त्यात."

अलमेलूने माझ्या पाठीत कोपर मारलं. गरज नव्हती.

"काका," मी म्हटलं, "ते व्हॉल्व्ह खरंच काही काम करतात, की नुसतेच उजळतात? कारण आज उजळतही नाहीयेत. ते तिकडे पूजेला बसलेत."

सगळ्यांनी ताटाकडे बघितलं. कुंकू लावलेले व्हॉल्व्ह सगळ्यांकडे बघत होते. काकाने झेंडूची माळ उचलली. आत रिकामी भोकं, आणि भजन आपलं जोरात चालू.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. कुठलं काय! काकाने माळ परत खिडकीवर सोडली आणि तो म्हणाला, "राहिलेली ऊब. व्हॉल्व्ह काढले तरी ती काही काळ टिकते."

आणि बेहेरे? ज्यांनी नुकत्याच श्वासाच्या कडा ऐकल्या होत्या? त्यांनी घसा साफ केला. "मला जाणवलंच होतं. जरा... कमी वाटत होती."

बेहेरेबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. अलमेलूने चुरमुरे त्यांच्यापुढे केले.

"खरा तिकडे पाटावर आहे," मी सांगितलं. "मी दुरुस्त केलाय. आज हात लावायचा नाही. उद्या पुनर्पूजेनंतर या, ऐकवते."

काकाने माझ्याकडे असं बघितलं की पिरॅमिड असता तर मला त्याच्याखाली पुरली असती. पण पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना.

सकाळी पूजा झाली. आईने कोहळा कापला, अप्पांनी सही केली. माझं पान वाचायचं राहिलं, कारण बेहेरे दाम्पत्य दारात होतं. मी सांगाडा पेटीत बसवला, तबकडी ठेवली, बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"बिघडला?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"तापतोय."

सगळे उभे. घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. मग आत केशरी धागे दिसले, मग घुर्र, मग कुठून तरी लांबून, गल्लीच्या टोकाहून चालत यावं तसे ते भागवत आले आणि खोलीच्या मध्ये उभे राहून गायला लागले. मागे झांजा, कुणीतरी खोकलेलं, सगळं. आई कोहळ्याची फोड हातात धरून तशीच राहिली. अप्पा, मी शपथ घेऊन सांगते, पेटीकडे बघत होते.

"छान आहे," बेहेरे म्हणाले. "कुठल्या भाषेत आहे?"

"मराठीत. अभंग आहे. इकडच्या भजनांत गातात."

"असं?" त्यांनी जवळ वाकून हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. "अहो, हे तापतंय!"

"ऊब," मी म्हटलं.

"नाही, पण आमच्या फ्लॅटमध्ये... शिवाय ही घरघर. आणि हे मोबाइलला जोडता येत नसेल." ते काकाकडे वळले. "पेटी हीच द्या. लाकूड सुंदर आहे. आत मात्र कालचंच बसवा. कालच्यात कसं एक जुनेपण होतं."

बेहेरेबाई म्हणाल्या, "मला हाच आवडला." त्यांचं कुणी ऐकलं नाही. ह्या बाबतीत कुंभकोणम आणि पुणे सारखंच दिसतं.

काकाचा चेहरा असा उजळला की त्याला दोन तारा जोडल्या होत्या की काय! गिऱ्हाइकाला सगळं समजलं, आणि समजून तेच हवं होतं. म्हणजे मी जिंकून हरले होते. "बघ," काका मला म्हणाला, "शिक काहीतरी." आणि तबकडी थांबवून, वायर काढून, सांगाडा पेटीबाहेर घेऊन त्याने पाटावर आडवा टाकला. "शुभस्य शीघ्रम. आजच आरंभ करतो." पूजेच्या ताटात त्याची पक्कड होती, तारा कापायची. तो ती घ्यायला वळला.

मी गाईड उचललं. आईचा चेहरा फुलला. मी ते बाजूला ठेवलं आणि खालून कुंकू लागलेला सोल्डरिंग आयर्न काढला. कालच पोस्टाने आलेला कपॅसिटर खिशातच होता, पेचकसही. जुन्याची वीज उतरवली, पाटावर मांडी घातली, सांगाडा मांडीजवळ ओढला आणि जुन्या कपॅसिटरचा पहिला स्क्रू फिरवला. मोठ्याने म्हटलं, "आरंभ."

काका पक्कड घेऊन वळला.

"प्रिया, उठ. गिऱ्हाईक उभं आहे."

"विजयादशमी आहे, काका. मी आरंभलंय. मोड हवं तर. पण मग वर्षभर तुझं एकही काम तडीला जायचं नाही. तूच सांगतोस ना?"

पक्कड पुढे आली नाही. मागेही गेली नाही.

"वहिनी, सांगा हिला!"

"अगे, ते ठेव, पुस्तक घे," आई म्हणाली आणि मध्येच थांबली. स्वतःच्याच तोंडून आपण काय मोडायला निघालोय हे तिला कळलं. तिने पटकन दोन्ही गालांवर बोटं लावून देवाची क्षमा मागितली आणि अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान वर करायला सुरुवात केली.

"अप्पा, पंखा नंतर," मी म्हटलं. "आधी ऐका. आई, तू पण. हा रेडिओग्राम विकला जाणार नाही. बेहेऱ्यांना दुसरी पेटी द्या, तिच्यात हवा तेवढा उजेड घाला. पण ह्यापुढे चालू होण्यासारखी पेटी ह्या घरात आली की ती आधी मी उघडणार, आणि 'ही आता चालायची नाही' असं मी म्हटल्याशिवाय तिची एक तार कुणी कापणार नाही. उद्यापासून मी एन्ट्रन्सच्या क्लासला जाणार नाही. डॉक्टर व्हायचं मी कधी म्हटलंच नव्हतं, तुम्हीच पूजेत गाईड ठेवलंत. बारावीनंतर मी इलेक्ट्रॉनिक्स घेणार. आज आरंभ केलाय, तेव्हा आता मोडायचं कुणी नाही. आणि अप्पा, तुम्ही प्लगच्या जवळ आहात, हा आयर्न जरा लावता का? तापायला वेळ लागतो."